कानाला सोसवेल असा इयरफोन : आवाजही चांगला, कानही शाबूत

इयरफोन ही काही वर्षांपूर्वीपर्यंत कॉलेजातल्या पोरांची हौस समजली जात होती. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. जालना शहरातली एखादी वस्ती घ्या, नाहीतर अंबड, परतूर, मंठ्याकडचे एखादे खेडे घ्या. एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार चालतो. टीव्ही चालू असतो, लहान लेकरू रडत असते, दारात भांडी घासली जात असतात. त्याच खोलीच्या कोपऱ्यात पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी मोबाईलवर तास ऐकत बसलेली असते. तिच्यासाठी इयरफोन हीच अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे.

परंतु तास-दीड तास झाला की कान ठणकू लागतो. इयरफोन काढून कान चोळावा लागतो आणि अभ्यासाची तार तुटते. मग सैल बसणारा इयरफोन घेतला, तर शब्द नीट ऐकू येत नाहीत. "आवाज चांगला हवा असेल तर कान दुखणारच," असे मुले आम्हाला सांगतात. हा समज चुकीचा आहे. जो इयरफोन कानात बेताचा बसतो तोच दुखत नाही, आणि त्याचाच आवाजही चांगला येतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत. हे कसे, ते आज आपण पाहू.

कान का दुखतो?

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, किंचित वळलेली असते. तिचे तोंडही अगदी गोल नसते. बाहेरचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. आतला भाग पक्क्या हाडाचा असून त्यावरची कातडी अतिशय पातळ आणि नाजूक असते. आपण जेवतो किंवा बोलतो तेव्हा जबड्याबरोबर बाहेरच्या भागाचा आकार थोडा बदलतो. शिवाय एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या कानाच्या नळ्या सारख्या मापाच्या असतीलच असे नाही.

आता अशा नळीत कोणत्याही मापाचे रबर कोंबले तर काय होणार? माप मोठे असेल तर सगळ्या बाजूंनी दाब पडतो. माप लहान असेल तर इयरफोन सारखा निसटतो, आणि आपण तो दर पाच मिनिटांनी आत ढकलत राहतो. त्याने कातडी सोलवटते. तिसरे कारण म्हणजे इयरफोनच्या बाहेरच्या प्लॅस्टिकची कड कानाच्या खोलगट भागात रुतणे. चौथे, वायरचा ओढा किंवा ब्लूटूथच्या गोळ्याचे वजन. कान दुखतो तेव्हा या चारांपैकी नेमके कोणते कारण आहे, ते आधी बोटाने चाचपून पाहावे. दुखणे नळीच्या आत असेल तर रबर बदलून काम भागते. दुखणे बाहेरच्या कडेला असेल तर त्या आकाराचा इयरफोन आपल्या कानासाठी नाही, असे समजावे.

आवाज कुठे गळतो?

बाजारात दोन जाती मिळतात. एक, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, टणक प्लॅस्टिकचा. दुसरा, पुढे रबराची टोपी असलेला आणि नळीच्या तोंडात बसणारा. दुसऱ्या जातीचा जन्म कानाच्या शास्त्रातूनच झालेला आहे. श्रवणयंत्रांवर संशोधन करणारे अमेरिकेतील मीड किलियन यांनी १९८३ मध्ये कंपनी काढली, आणि १९९१ मध्ये त्या कंपनीने नळीत बसणारा ईआर-४ हा इयरफोन बाजारात आणला. कानाची नळी नीट बंद झाली की बाहेरचा गोंगाट अडतो आणि अगदी छोट्या यंत्रातूनही भरीव आवाज मिळतो, हे त्यामागचे तत्त्व होते. आजचा साधा, स्वस्त इयरफोनही त्याच तत्त्वावर चालतो.

यातला मुख्य मुद्दा असा, की जाड आवाज, म्हणजे ढोलकीचा घुमारा किंवा पुरुषाच्या आवाजातला भरणा, फटीतून चटकन गळून जातो. बारीक, चिरका आवाज मात्र तसाच राहतो. म्हणून सैल बसलेला इयरफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आपल्याला वाटते की माल हलका आहे. मग आपण आवाज वाढवतो, तर चिरका भाग आणखी टोचू लागतो. खरे पाहता इयरफोन खराब नसतो; त्याची टोपी आपल्या कानाला बसलेली नसते.

घरच्या घरी करून पाहण्याजोगी परीक्षा अशी : प्रल्हाद शिंदे यांचे एखादे गाणे, किंवा ज्यात ढोलकी, पेटी आणि गळा स्वच्छ ऐकू येतो असे आपल्या ओळखीचे कोणतेही गाणे लावा. आवाज मध्यम ठेवा. आता इयरफोन बोटाने अगदी हलके दाबा. दाबल्याबरोबर ढोलकी एकदम भरून आली, तर समजा की फट आहे आणि एक माप मोठी टोपी हवी. काहीच फरक पडला नाही आणि दुखतही नाही, तर माप बरोबर आहे. नंतर तोंड उघडून मिटून पाहा, चार घास चावल्यासारखे करा. तेवढ्याने इयरफोन सुटू नये. ही परीक्षा दोन्ही कानांची वेगवेगळी करावी. डावीकडे मधले आणि उजवीकडे लहान माप लागले तर त्यात काही वावगे नाही.

टोपीची निवड

नवीन इयरफोनच्या खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या टोप्या असतात. यंत्रावर मध्यम लावलेली असते आणि बाकीच्या दोन आपण कचऱ्यात टाकतो. तसे करू नये. पैसे त्यांचेही दिलेले असतात. लहान बांध्याच्या महिलांना आणि किशोरवयीन मुलांना पुष्कळदा सर्वांत लहान माप लागते. घरातल्या थोरल्या भावाचा इयरफोन बहिणीला दुखतो, यात तिचा नाजूकपणा कारण नसून माप कारण असते.

रबराने भागत नसेल तर फोमची टोपी मिळते. ती चिमटीत चेपून कानात घालायची आणि अर्धा मिनिट धरून ठेवायची. मग ती हळूहळू फुलून नळीचा आकार घेते. दाब सगळीकडे सारखा पडत असल्याने पुष्कळांना ती अधिक सुखाची वाटते, आणि बाहेरचा आवाजही ती चांगला अडवते. मात्र ती रबरापेक्षा महाग असते, घामाने मळते आणि काही महिन्यांत बदलावी लागते. म्हणून आधी रबराची तिन्ही मापे नीट पारखावीत आणि मगच फोमवर खर्च करावा.

घालण्याचीही रीत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व किंचित मागे ओढावी. नळी सरळ होते आणि टोपी जोर न लावता बसते. काढताना झटका देऊ नये. थोडे फिरवून सावकाश काढावे. वायर कानावरून मागे घेतली तर ओढा कमी होतो. सर्व करूनही नळीत काही घातलेले सोसत नसेल, तर कानावर गादी ठेवणारा मोठा हेडफोन घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

सळईच्या गावाचा हिशेब

आता अधिक गंभीर गोष्टीकडे वळू. जालना हे सळईचे गाव. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या आणि रोलिंग मिलमध्ये आपली कितीतरी माणसे राबतात. तिथला खणखणाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको. आमच्या ओळखीचे एक कामगार पाळी संपवून घरी येताना रोज इयरफोन लावतात. त्यांच्या पत्नीने आम्हाला सांगितले, "मागून हाक मारली तर ह्यांना ऐकूच जात नाही. आधी वाटायचं, मुद्दाम करतात." मुद्दाम कोणीच करत नाही. कान रोज थोडाथोडा खर्च होत असतो.

हा हिशेब सोपा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याची सुरक्षित वेळ निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास, असे प्रमाण सुचवले आहे. आवाज ९० डेसिबलवर गेला की आठवड्याचे ४० तास चारवर येतात. १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे उरतात. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ खालील नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली होती. म्हणजे ज्याने मिलमध्ये पाळी केली, त्याच्या कानाच्या खात्यात घरी येताना फारशी शिल्लक राहिलेली नसते. त्यावर पुन्हा मोठ्याने गाणी म्हणजे उधारीवर उधारी. आणि हे कर्ज फेडताही येत नाही. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

इथेच नीट बसणाऱ्या टोपीचा खरा उपयोग कळतो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या एसटीत सैल इयरफोन लावला, तर इंजिनच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत न्यावा लागतो. टोपी नीट बसली असेल तर घरघर आपोआप कमी होते आणि निम्म्या आवाजात शब्दन् शब्द कळतो. कानाला आराम, ऐकण्याला स्वच्छता आणि कानाचे रक्षण ही तिन्ही कामे एकाच वीस-तीस रुपयांच्या रबराने होतात.

मात्र मिलमध्ये काम करताना गाण्याचा इयरफोन म्हणजे कानाचे संरक्षण नव्हे. तिथे कामासाठी बनवलेले फोमचे बोळे किंवा कानावरचे झाकणच वापरावे, आणि ते मालकाकडे मागून घ्यावे. तो कामगाराचा हक्क आहे. तसेच रस्त्याने चालताना, मोटारसायकलवर, रेल्वे रूळ ओलांडताना किंवा शेतात ट्रॅक्टरजवळ दोन्ही कान बंद ठेवू नयेत.

खरेदी आणि निगा

वायरचा की ब्लूटूथचा, असा प्रश्न पालक विचारतात. केवळ अभ्यासासाठी आणि कमी पैशात हवा असेल तर वायरचा घ्यावा. तेवढ्याच किमतीत त्याचा आवाज बहुधा सरस असतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि एक गोळा हरवण्याची भीती नसते. फोनला गोल पिनेचे भोक आहे की टाइप-सी, एवढे पाहून जावे. ब्लूटूथ घ्यायचा तर खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक पाहावा. कोणताही माल पक्क्या बिलावर घ्यावा. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

इयरफोन एकमेकांचा वापरू नये. टूथब्रश जसा ज्याचा त्याचा, तसाच हाही. आठवड्यातून एकदा टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवून लावाव्यात. (फोमची टोपी धुऊ नये, कोरड्या फडक्याने पुसावी.) जाळीवरचा मळ कोरड्या, मऊ ब्रशने काढावा. एका बाजूचा आवाज कमी झाला की पुष्कळदा इयरफोन बिघडलेला नसतो, जाळी भरलेली असते. दर तासाला पाच-दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. झोपताना इयरफोन काढून ठेवावा.

कानातून पाणी किंवा पू येणे, सतत खाज, दुखणे, 'सूं' असा आवाज किंवा ऐकू कमी येणे, यांपैकी काही असेल तर इयरफोन ताबडतोब बंद करावा. गरम तेल, काडी, हेअरपिन असले उपाय करू नयेत. जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

आपल्या मुलांनी शिकावे म्हणून आपण पोटाला चिमटा घेऊन मोबाईल घेतो, नेटपॅक भरतो. मग त्यांच्या कानाला कोणत्या मापाची टोपी बसते, एवढे पाहायला दहा मिनिटे काढणे जड नाही. येत्या रविवारी घरातले सगळे इयरफोन एकत्र घ्या, खोक्यात पडून राहिलेल्या टोप्या शोधा आणि मुलांना शेजारी बसवून मापे लावून पाहा. घरातले कोणी मिलमध्ये जात असेल, तर त्यांनाही त्यात बसवा. आणि एकदा त्यांच्या मागे उभे राहून हळू आवाजात हाक मारून पाहा.