शाळेतील राउटर आणि त्याच्या दोन किल्ल्या

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तत्कालीन शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडाची चर्चा सर्वत्र झाली. त्या कोडामागील पाठ पाहावयाचा तर इंटरनेट हवे. ज्या शाळांत ते आले आहे तेथे राउटर नावाची लहानशी पेटी भिंतीवर दिसते. परंतु ती बसविणारा मनुष्य निघून गेला की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, असा शाळाभेटींतील माझा अनुभव आहे.

जुन्या वाड्याला पत्ता एक व आत बिऱ्हाडे अनेक असत. टपाल दिंडीदरवाजाशी येई आणि दारावरचा मनुष्य ते ज्याचे त्यास पोचते करी. राउटर हा तो दारावरचा मनुष्य होय. त्याला सूचना देण्यासाठी एक पान पेटीतच साठविलेले असते व ते ब्राउझरमध्ये उघडते. इंटरनेट बंद पडले असता हे पान कसे उघडावे, असे शिक्षकबंधू विचारतात. ते बाहेरून येतच नाही. म्हणून तेव्हाही उघडते.

संगणक तारेने अथवा वायफायने पेटीस जोडावा. मोबाइल वापरल्यास त्याचा डेटा बंद ठेवावा. पेटीच्या तळाच्या पट्टीवर आकड्यांचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो इंग्रजी आकड्यांत, ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या चौकटीत लिहावा. शोधाच्या चौकटीत नव्हे. मग पान नाव व पासवर्ड विचारते. पुष्कळदा तेही पट्टीवरच छापलेले असतात.

येथेच घोटाळा होतो. वायफायचा पासवर्ड ही वाड्यात शिरण्याची किल्ली. या पानाचा पासवर्ड ही कुलूपच बदलण्याची किल्ली. पहिली बदलणारे पुष्कळ भेटतात, दुसरी बदलणारे क्वचितच. कित्येक पेट्यांत ती अद्याप 'ॲडमिन' हीच असते. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने कारखान्यातून येणारे असे साठेक ठराविक पासवर्ड आजमावून जगभरातील लाखो कॅमेरे, राउटर व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली होती. शिवाय शाळेच्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर विचारणा प्रथम शाळेकडे येते.

म्हणून आधी दुसरी किल्ली बदलावी. नंतर वायरलेसच्या पानावर जाऊन संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडावा व बारा अक्षरांहून मोठा पासवर्ड द्यावा. जतन करताच सर्वांची जोडणी तुटेल, आपलीही. त्यात बिघड काही नाही. नवा पासवर्ड देऊन पुन्हा जोडावे. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देण्याची सोय असल्यास गावकऱ्यांना तेच द्यावे. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी.

इंटरनेट पुरविणाऱ्याने भरलेले नाव व पासवर्ड ज्या पानावर असतात, त्या पानास मात्र हात लावू नये. तो तपशील त्याच्याकडून लिहून घ्यावा. एका शाळेत पूर्वीचे शिक्षक बदलून गेले होते व पासवर्ड कोणासच ठाऊक नव्हता. मी मोठ्या विश्वासाने पेटीमागील छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. पेटी कारखान्यातून आल्यासारखी कोरी झाली, पुरविणाऱ्याचा तपशीलही पुसला गेला, आणि शाळा चार दिवस इंटरनेटवाचून राहिली. चूक माझीच होती.

तेव्हा दोन्ही पासवर्ड व पुरविणाऱ्याचा तपशील एका बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, आणि बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत त्या लिफाफ्याची नोंद करावी. फळ्यावर पासवर्ड लिहिलेला मी पाहिला आहे. अक्षर सुरेख होते, पण तो रस्त्यावरूनही वाचता येत होता.