माफीचा कागद आणि मताचा कागद

मे २०२१. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या मेसा काउंटीच्या निवडणूक कार्यालयातील सुरक्षा कॅमेरे बंद करायला सांगण्यात आले. मग मतमोजणी यंत्रणेच्या हार्ड ड्राइव्हची नक्कल उतरवली गेली. दोनच दिवसांनी राज्याचे अधिकारी यंत्रात नवे सॉफ्टवेअर घालायला आले, आणि ते काम झाल्यावर पुन्हा एक नक्कल निघाली. हा उद्योग करणारा माणूस दुसऱ्याच एका स्थानिक रहिवाशाच्या ओळखपत्रावर आत वावरत होता. त्याला आत घेतले होते खुद्द काउंटी क्लर्क टीना पीटर्स यांनी. यंत्रे सांभाळण्यासाठीच लोकांनी त्यांना निवडून दिले होते. कुंपणानेच शेत खाल्ले ते असे.

२०२०ची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून यंत्रांच्या मदतीने चोरली गेली, अशी पीटर्स यांची ठाम समजूत. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या काउंटीत ट्रम्प मोठ्या आघाडीने जिंकले होते. ऑगस्टमध्ये त्या यंत्रांचे पासवर्ड इंटरनेटवर झळकले आणि बिंग फुटले. राज्याने ती यंत्रेच बाद केली. डेटाच्या नकलेतून ‘घोटाळा’ दाखवणारे जे अहवाल निघाले, त्यांची तपासणी तिथल्या रिपब्लिकन, म्हणजे पीटर्स यांच्याच पक्षाच्या, सरकारी वकिलांनी केली. संशयास्पद वाटणाऱ्या नोंदी कर्मचाऱ्यांनी मोजणीच्या वेळी केलेल्या हाताळणीतून आल्या होत्या, यंत्रात कोणी घुसल्याचा पुरावा नव्हता, असा निष्कर्ष २०२२मध्ये निघाला. ऑगस्ट २०२४मध्ये ज्यूरीने पीटर्स यांना दहापैकी सात आरोपांत दोषी ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली.

एवढ्यावरून यंत्रे अभेद्य आहेत, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. त्याच ऑक्टोबरात कोलोरॅडोच्या निवडणूक खात्याचा स्वतःचाच एक घोळ उघडकीस आला. खात्याच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या एका तक्त्यात एक लपवलेले पान राहून गेले होते आणि त्यात यंत्रांचे पासवर्ड होते. महिनोन्‌महिने ते तसेच पडून होते. प्रत्येक यंत्राला दोन पासवर्ड लागतात, ते वेगवेगळ्या लोकांकडे असतात आणि यंत्राला प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय त्यांचा उपयोग नसतो, म्हणून निभावले. पासवर्ड धावपळ करून बदलावे लागले.

मग कोलोरॅडोचा मतदार भरवसा ठेवतो कशावर? कागदावर. तिथे बहुतेक लोक टपालाने आलेल्या छापील मतपत्रिकेवर खूण करतात. यंत्र फक्त मोजते. आणि मोजणी झाली, की राज्याच्या राजधानीत, लोकांसमोर, दहा बाजूंचे फासे टाकले जातात. त्यातून वीस आकडी संख्या तयार होते. ती संगणकाला दिली, की कोणत्या पेटीतली कितवी मतपत्रिका उघडायची याची यादी निघते. दोन्ही पक्षांची माणसे ती मतपत्रिका शोधून काढतात आणि तिच्यावरची खूण यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहतात. निकाल जितका निसटता, तितक्या जास्त मतपत्रिका तपासायच्या. आधीच ठरवलेल्या मतपत्रिका असत्या तर त्या तेवढ्या नीट ठेवून बाकीच्यांत हात मारता आला असता. फासे कसे पडणार हे कोणालाच ठाऊक नसते. २०१७मध्ये संपूर्ण राज्यभर ही पद्धत लागू करणारे कोलोरॅडो हे अमेरिकेतील पहिले राज्य.

मतदानयंत्रांतली भोके शोधण्यात ज्याने हयात घालवली, तो मिशिगन विद्यापीठाचा प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन. जानेवारी २०२४मध्ये अटलांटाच्या न्यायालयात त्याने वकिलाचे पेन मागून घेतले, जॉर्जियात वापरल्या जाणाऱ्या यंत्राचे पॉवर बटण त्या पेनाने दाबून धरले आणि यंत्र ‘सेफ मोड’मध्ये नेऊन आतली दारे उघडून दाखवली. भारतीय वाचकाला हे नाव परके वाटायला नको. २०१०मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि हॉलंडचे रॉप गोंग्रिप यांच्यासह हाल्डरमनने भारतीय ईव्हीएमची चिरफाड केली होती. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून आलेले. ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस हैदराबादला जाऊन हरी प्रसादांना घेऊन आले. यंत्र कोणी दिले, हाच प्रश्न त्यांना विचारला जात होता. यंत्रात काय सापडले याची चौकशी त्या मानाने कमीच झाली.

पण हाच हाल्डरमन एक गोष्ट बजावून सांगत आला आहे: यंत्रात फेरफार करता येतो, याचा अर्थ २०२०मध्ये तो झाला असा होत नाही. जॉर्जियात त्या वर्षी सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या. बायडेन यांचा विजय कायम राहिला. पीटर्स यांच्या बाजूने बोलणारे आणि यंत्रांवर साधी शंकाही खपवून न घेणारे, दोघेही हा फरक पुसतात.

डिसेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी पीटर्स यांना माफी जाहीर केली. लगेच अडचण उभी राहिली. राष्ट्राध्यक्षांचा अधिकार संघराज्याविरुद्धच्या गुन्ह्यांपुरता. पीटर्स यांना शिक्षा झाली होती ती राज्याच्या कायद्याखाली. राज्याच्या कैद्याला माफ करणे हे गव्हर्नरचे काम. ‘संघराज्याविरुद्ध’ या शब्दांत राज्येही येतात, असा युक्तिवाद त्यांच्या वकिलांनी केला, पण दोन शतकांची वहिवाट त्याच्या उलट आहे. ते काही असो, समर्थकांनी माफीचा अर्थ लावला: बाई निर्दोष ठरल्या. विरोधकांनी लावला: माफी घेतली, म्हणजे गुन्हा कबूल केला.

या दुसऱ्या समजुतीचा उगम एका वृत्तपत्रीय प्रकरणात आहे. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे नगर-संपादक जॉर्ज बर्डिक यांनी जकात खात्यातील बातमी कोणी पुरवली हे सांगायला नकार दिला होता, सांगितले तर आपणच गुन्ह्यात अडकू, ही त्यांची सबब. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ही पळवाट बंद करण्यासाठी त्यांना न मागितलेली माफी देऊ केली. बर्डिक यांनी ती नाकारली. १९१५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नाकारण्याचा त्यांना हक्क आहे. त्या ओघात न्यायमूर्ती मॅकेना यांनी लिहून ठेवले, की माफीसोबत दोषाचा ठपका येतो आणि ती स्वीकारणे म्हणजे कबुली. १९७४मध्ये निक्सन यांना माफी देऊन स्वतःची लोकप्रियता गमावून बसलेले जेराल्ड फोर्ड या ओळींचे कात्रण खिशातल्या पाकिटात घेऊन फिरत. बिचाऱ्यांना तोच एक आधार होता.

कायदेतज्ज्ञांच्या मते ते वाक्य जाता जाता आलेले होते. निकाल त्यावर उभा नव्हता. २०२१मध्ये हा प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. अफगाणिस्तानात दोन नागरिकांच्या हत्येबद्दल १९ वर्षांची शिक्षा झालेला लष्करी अधिकारी क्लिंट लोरान्स याला ट्रम्प यांनी माफी दिली होती. माफी घेतली, आता दोषसिद्धीला आव्हान कसले, असे सरकारचे म्हणणे. दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले: माफी स्वीकारणे ही कायद्याच्या दृष्टीने कबुली नव्हे. हे न्यायालय बसते डेन्व्हरमध्ये, म्हणजे कोलोरॅडोतच. शिवाय २०१८मध्ये मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याला माफी मिळाली, तेव्हा त्याला जाऊन सात दशके लोटली होती. मेलेला माणूस कबुली कशी देणार?

याची उलट बाजूही आहे. अमेरिकी संसदेवरील ६ जानेवारीच्या हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना २०२५मध्ये दिलासा मिळाला, तेव्हा आयडाहोच्या एका महिलेने माफी नाकारली. आपण दोषी होतो आणि माफी घेणे हा तिथल्या पोलिसांचा अपमान ठरेल, असे तिचे म्हणणे होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केहर सिंग खटल्यात १९८८मध्ये हे नेमके मांडले आहे: राष्ट्रपती पुराव्याकडे पुन्हा पाहू शकतात, शिक्षा माफ करू शकतात, पण न्यायालयाच्या निकालात त्यामुळे काहीही बदल होत नाही. म्हणून पीटर्स यांच्या माफीवरून यंत्रांबद्दल काही शिकायला मिळेल, ही आशा दोन्ही बाजूंनी सोडून द्यावी. यंत्रांत फेरफार झाला का, याचे उत्तर मतपत्रिकांच्या मोजणीत आहे आणि ते आले आहे.

पडताळायला कागद आपल्याकडेही आहे: लोकसभा-विधानसभेच्या मतदानात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. बटण दाबून लगेच वळू नका, ती वाचा. नाव-चिन्ह वेगळे दिसले, तर तिथेच लेखी तक्रार करून चाचणी मत मागण्याची तरतूद नियम ४९ एमएमध्ये आहे. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.