रविवारची सुटी

रविवार उजाडला, की शाळांना कुलूप असते, बहुतेक कचेऱ्या बंद असतात आणि घरोघरी थोडी निवांत वेळ लाभते. हे इतके नित्याचे झाले आहे, की सूर्योदयाप्रमाणे ही सुटीही आपोआप येते, असेच कोणालाही वाटावे. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती आपोआप मिळाली नाही. तिच्यासाठी त्यांना सहा वर्षे झगडावे लागले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केली. पुढे गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे पोटासाठी मुंबईस आली. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून दिवस उजाडताच काम सुरू होई आणि मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात तर तेरा-चौदा तास यंत्रापाशी उभे राहावे लागे. रविवारीही यंत्रे साफ करण्यासाठी कामगारांना बोलावीत.

१८८१ साली सरकारने कारखान्यांविषयी पहिला कायदा केला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मात्र त्यात ना तासांची मर्यादा होती, ना सुटीची तरतूद. या कायद्यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. मुंबईच्या स्वस्त कापडामुळे आपला धंदा बुडेल, अशी धास्ती इंग्लंडातील गिरणीमालकांना वाटत होती. तेव्हा कामगारांचे दुःख त्यांच्याच तोंडून मांडले जाणे आवश्यक होते.

हे कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले. त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. मांडवी येथील एका गिरणीत त्यांनी कोठारावर नोकरी केली होती. त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८० पासून ते मुंबईतून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवू लागले.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी आपली संमती नोंदवली. मागण्या साध्याच होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. यंत्राने जायबंदी झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत वेतन द्यावे. मालकांनी या मागण्यांची दाद घेतली नाही.

लोखंडे निराश झाले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी पुन्हा मोठी सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळी स्त्रीने घराबाहेर चार शब्द बोलणेही अवघड होते, त्या काळी हे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने या सुटीला आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीला आधार मिळाला.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोखंडे रुग्णांच्या सेवेस धावले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु त्या कामगारांनी मिळवलेले हक्क मागे उरले. त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, हाती सत्ता नव्हती आणि गाठीशी पैसाही नव्हता. होते ते एवढेच : आपल्यावर अन्याय होत आहे ही जाणीव आणि एकत्र येऊन ते स्पष्टपणे सांगण्याची हिंमत. रविवारच्या निवांत सकाळी त्यांचे स्मरण ठेवणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.