बावन्न मिलिमीटरचा डेलिया

डेलिया हे फूल पुण्यात मी लहानपणापासून पाहिलेले. पावसाळा ओसरला की कुंड्यांत लावायचे, डिसेंबर-जानेवारीत ताटलीएवढी फुले यायची आणि एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात ती बघायला गर्दी व्हायची. पण डेलिया लावायचा कसा, हे मी शिकलो इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या एका अलॉटमेंटवर.

अलॉटमेंट म्हणजे स्थानिक संस्थेने नागरिकांना वार्षिक भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. पूर्ण तुकडा दहा 'रॉड'चा, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठे. मागणी असेल तिथे अशी जमीन द्यावी, ही जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. तिथे घर बांधायचे नाही, धंदा करायचा नाही. भाजी पिकवायची, फार तर फुले. माझा नंबर लागायला चार वर्षे गेली. मेथी-कोथिंबीर लावावी एवढाच माझा विचार होता.

शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा होते. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्यांच्या जागेचा एक तृतीयांश भाग नुसत्या डेलियांचा. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एका लहान, गोल, गर्द जांभळ्या जातीची रोपे माझ्या हातात ठेवली. ही जात ते तीस वर्षे दर वसंतात नवी कलमे करून टिकवत होते. "लाव. सप्टेंबरात प्रदर्शनाला ने," एवढेच बोलले.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला; १९६३ पासून तो त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. माद्रिदच्या कावानिय्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. डोंगरातला म्हणून त्याला थंडी आवडते, असे आपण समजतो. थंड रात्र आवडते, हे खरे. पण पाणी गोठवणारी थंडी त्याला अजिबात चालत नाही. इंग्लंडमध्ये मे महिन्यातही एखाद्या पहाटे दव गोठते, म्हणून मे संपता संपता किंवा जूनच्या आरंभीच रोपे जमिनीत जातात. पुण्यात आपण पाऊस संपायची वाट बघतो. तिथे थंडी संपायची बघतात, एवढाच फरक.

रोप लावण्याआधी काठी रोवायची. नंतर रोवली तर कंदात घुसते. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की मधला शेंडा खुडायचा. पहिल्या वेळी माझा हात थरथरला होता. पण शेंडा ठेवला तर झाड काठीसारखे सरळ वाढते आणि एकच फूल देते. खुडला तर बगलेतून फांद्या फुटतात. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, मधली मोठी आणि बाजूला दोन. मोठ्या फुलांच्या जातीत बाजूच्या दोन्ही काढून टाकायच्या. अशा झाडावर चार-पाचच फुले ठेवतात, तेव्हा त्यांचा व्यास पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. नुसती बागेची शोभा हवी असेल तर एवढे निष्ठुर व्हायची गरज नाही. शेंडा तेवढा खुडा, सुकलेली फुले वेळेवर काढा, झाड थंडी पडेपर्यंत फुलत राहते. बागेसाठी मला विचाराल तर मी 'बिशप ऑफ लँडाफ' सांगेन. १९२४ मध्ये कार्डिफला तयार झालेली ही जात आहे. काळपट पाने आणि त्यावर लालभडक, साधी फुले. मधला पिवळा भाग उघडा असल्याने मधमाश्याही येतात. प्रदर्शनातल्या गच्च पाकळ्यांच्या फुलांकडे त्या फारशा फिरकत नाहीत.

शत्रू दोन. एक, शंख नसलेल्या गोगलगायी. कोवळे रोप एका रात्रीत फस्त करतात. पूर्वी त्यांच्यासाठी निळ्या गोळ्या टाकत. त्यातल्या मेटाल्डिहाइडमुळे पक्षी आणि साळूसारखे प्राणी दगावतात म्हणून ब्रिटनमध्ये त्यांचा बागेतला वापर २०२२ च्या वसंतात बंद झाला. आता रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच माझा उपाय. दुसरा शत्रू शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा. तो पाकळ्या कुरतडतो. त्याच्यासाठी आजोबांची युक्ती अशी : काठीच्या टोकावर मातीची लहान कुंडी उपडी घालायची, आत गवत कोंबायचे. किडे दिवसा आत झोपायला येतात. सकाळी कुंडी काढून दूर झटकायची, झाले.

आता त्या जांभळ्या जातीविषयी. ती 'पॉम्पॉन' गटातली, चेंडूसारखी गोल, मधाच्या पोळ्याची आठवण यावी अशा गुंडाळलेल्या पाकळ्यांची. प्रदर्शनात या गटाला कडक नियम आहे : फुलाचा व्यास बावन्न मिलिमीटरपेक्षा जास्त नको. परीक्षकाकडे तेवढ्या मापाची कडी असते, फूल तिच्यातून पार व्हायला हवे. मला वाटले, बक्षीस हवे तर फूल दणदणीत हवे. मी कोंबडीखत घातले, बाजूच्या कळ्या काढल्या. फुले सुरेख आली. फुलदाणीत तीन मांडली. परीक्षकांनी कडी लावली. दोन आत गेली, तिसरे अडकले. दोन मिलिमीटरही जास्त नसेल. पूर्ण फुलदाणी बाद, कार्डावर 'नियमानुसार नाही' असा शेरा. आजोबांनी वाचले आणि म्हणाले, "खत कोणी घालायला सांगितलं?"

ते दुःख काहीच नाही, असे वाटायला लावणारी गोष्ट पुढे घडली. नोव्हेंबरमध्ये पहिल्या कडाक्याने पाने काळी पडली की खोड वीतभर ठेवून छाटायचे, कंद खणायचे, पोकळ खोडातले पाणी निथळावे म्हणून काही दिवस उलटे ठेवायचे आणि कोरड्या मातीत किंवा भुशात, गोठणार नाही अशा जागी जपायचे. मी खणले, पण उलटे ठेवायचा कंटाळा केला. ओलेच खोक्यात भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. फेब्रुवारीत खोके उघडले तर वरचे कंद गोठून मऊ झालेले, खालचे कुजलेले. दोन-तीन कंद टणक निघाले, मी आशेने कुंडीत लावले. महिना गेला, काही नाही. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा फक्त कंद आणि जुने खोड जिथे जुळतात त्या मानेपाशी असतो. खणताना त्या कंदांच्या माना माझ्याच हातून मोडल्या होत्या. असा कंद वर्षभर टणक राहील, पण त्याला कोंब येणार नाही.

तीस वर्षांची जात माझ्या हाती देऊन आजोबांनी स्वतः किती ठेवली होती, हे मला माहीत नव्हते. विचारायचा धीर होईना. दोन आठवडे मी त्यांना चुकवले. शेवटी सांगितले. ते काही न बोलता आपल्या छोट्या ग्रीनहाउसमध्ये गेले. तिथे उबदार मातीवर मांडलेल्या जुन्या कंदांना बोटभर कोंब आले होते. त्यांनी धारदार चाकूने सात-आठ सेंटिमीटरचे चार कोंब कापले, खालची पाने काढली आणि ओल्या वाळूमिश्रित मातीत कुंडीच्या कडेने खोचले. "कडेला लावलं की मूळ लवकर फुटतं," म्हणाले. त्यांचेही त्या वर्षी तीनच कंद वाचले होते, हे मला नंतर कळले.

चारांतली तीन कलमे जगली. त्या उन्हाळ्यात मी खताला हात लावला नाही, बाजूच्या कळ्या राहू दिल्या. झाडावर फुलांची गर्दी झाली की प्रत्येक फूल आपोआप लहान राहते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फुले कापून लांब देठांसकट बादलीभर पाण्यात ठेवली. पत्र्याच्या तुकड्याला बावन्न मिलिमीटरचे भोक पाडून घेतले होते, त्यातून एकोणीस फुले घालून पाहिली. सहा पार झाली, त्यांतली एकसारखी तीन निवडली.

परीक्षकांची कडी तिन्हींवरून अलगद खाली उतरली. बक्षीस तिसरे मिळाले. एका फुलाची मान किंचित झुकलेली होती, असे परीक्षकांचे म्हणणे. आजोबांच्या फुलदाणीला पहिले. यंदाचे कंद मी तीन दिवस उलटे ठेवले आणि अर्धे त्यांच्या शेडमध्ये, अर्धे माझ्या घरातल्या जिन्याखाली ठेवले आहेत.