टायबर खोऱ्यातील दडलेला प्रस्तरभंग

भूकवच ताणले गेल्याने निर्माण होणारे प्रस्तरभंग बहुधा सुमारे ६० अंशांनी कललेले असतात. ३० अंशांहून कमी कलाचे प्रस्तरभंग सरकणे घर्षणाच्या नियमांनुसार कठीण मानले जाते. मध्य इटलीतील अल्तोतिबेरिना प्रस्तरभंग मात्र जेमतेम १५ ते २० अंशांनी पूर्वेकडे उतरतो. त्याचा बराचसा भाग जमिनीखाली दडलेला आहे. कृत्रिम भूकंपलहरींच्या परावर्तनातून त्याचा आकार दिसला. परंतु आकार म्हणजे हालचाल नव्हे. ती सिद्ध झाली त्याच पृष्ठालगत आढळलेल्या सूक्ष्म भूकंपांच्या नाभींमुळे. त्यावर मोठा भूकंप झाल्याची निश्चित नोंद नाही. उपग्रहीय मापनांवरून त्याचा काही भाग भूकंपाविना सरकत असावा असे दिसते. उरलेला भाग किती ताण साठवितो, यावर गुब्बिओ, पेरुजा या नगरांचा धोका अवलंबून आहे.