बाईंची नोकरी

छोट्या गावातल्या शिक्षिकेच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरची माणसे जी पुस्तिका काढतात, तिच्यात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते, आणि ती म्हणजे तिचे काम. बाई प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या, संसार सांभाळून त्यांनी शाळा केली, गावच्या पोरांना पोटच्या लेकरांसारखे वागवले, हे सगळे त्यात येते. पण एका खोलीत चार इयत्ता बसवून त्या दिवस कसा चालवत, जोडाक्षरावर अडलेल्या मुलाला कशाने पुढे नेत, पगार किती होता आणि तो कोणाच्या हाती जाई, बदलीचा हुकूम आला की घरात काय काय हलवावे लागे, यातले काही येत नाही. माझे म्हणणे असे की बाईंच्या मागे राहिलेल्यांनी आधी हेच लिहायला हवे. माया तर लक्षात राहतेच. कामाचा पुरावा मात्र आता जवळजवळ घरातच उरला आहे, आणि घरानेही तो सोडला तर तो दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

सरकारदरबारी कागद नाहीत असे नाही. शिक्षिकेचे सेवापुस्तक असते. त्यात नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली आणि निवृत्ती यांच्या नोंदी असतात. शाळेतले जनरल रजिस्टर जपून ठेवले जाते, कारण मुलाची जन्मतारीख आणि जात पुढे आयुष्यभर त्यावरून सिद्ध करावी लागते. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे शेरेपुस्तकात राहतात. म्हणजे टिकते ते मुलाला किंवा कचेरीला लागणारे. रात्री कंदिलाशी बसून काढलेल्या पाठांच्या टाचणवह्या वर्ष संपले की रद्दीत जातात. शिकवणे ही कृतीच अशी आहे की तिचा कागद होत नाही. घरात मात्र तिच्या खुणा असतात. थोरल्याचा जन्म एका गावचा, धाकटीचा तीन गावे पलीकडचा, हे सांगताना घरातली म्हातारी माणसे नकळत बदल्यांचा तक्ताच म्हणून दाखवत असतात. नवऱ्याची नोकरी एकीकडे आणि बाईंची दुसरीकडे म्हणून मुले आजीकडे वाढली, ही घरगुती हकीकत म्हणजे शिक्षणखात्याच्या धोरणाचा एका कुटुंबावर झालेला परिणाम आहे. पुढे बदल्यांच्या नियमांत पती-पत्नी एकत्रीकरण आले; ते कशासाठी आणावे लागले याचे उत्तर अशा हकीकतींतच सापडते.

घरगुती कागद इतिहासाला किती उपयोगी पडतो याचा सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्रातल्या पहिल्या शिक्षिकेचाच आहे. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज छापील मिळतात. ती 1856, 1868 आणि 1877 सालची आहेत. 1856 च्या पत्राच्या वेळी त्या आजारपणातून उठत माहेरी नायगावला होत्या. खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांना शिकवता म्हणून भावाने त्यांना बोल लावला, आणि त्यांनी त्याला काय उत्तर दिले हे त्या नवऱ्याला कळवतात. त्याच पत्रात शाळेतल्या सहकारी शिक्षिका फातिमाचे नाव येते: आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. हे पत्र म्हणजे अहवाल नव्हे. माहेरी आलेल्या बायकोने घरी लिहिलेली ती खुशाली आहे. पण शाळेचा रोजचा भार कोणाच्या खांद्यावर होता आणि माहेरच्या ओसरीवर त्याची किंमत काय द्यावी लागत होती, हे त्या खुशालीने राखून ठेवले आहे. तेवढे सांगणारे दुसरे काही सहजी हाती लागत नाही.

ज्या शिक्षिका स्वतः लिहित्या होत्या त्यांचे काम नीट मागे राहिले. 1910 साली जन्मलेल्या अनुताई वाघ बालपणीच विधवा झाल्या, मग शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी काय केले ते ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात आहे. मूल गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणावर न्यावी, या विचारातून कुरणशाळा झाली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी खडे, पाने, बिया, शिंपले आले. आपण अनुताईंना केवळ मायाळू म्हणून आठवत नाही. त्यांची पद्धत आपल्याला सांगता येते, तिच्याशी वादही घालता येतो. इंदिरा संतांचे उलट झाले. 1946 साली पती ना. मा. संत गेल्यावर मुलांसह संसार त्यांनी बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या नोकरीवर ओढला. पुढे त्या तिथे प्राचार्य झाल्या. वाचकाला कवयित्री ठाऊक आहे. शिक्षिका घडवणारी ही नोकरदार बाई जवळून पाहिली ती घरच्यांनी. त्यांच्या सून वीणा संत यांनी ‘आक्का, मी आणि...’ लिहिले तेव्हा घरातल्या माणसाच्या नजरेचे मोल मराठी वाचकाला कळले. मोठ्या कवयित्रीच्या बाबतीत जे करावेसे वाटले, ते आडगावच्या शाळेत तीस वर्षे घालवलेल्या बाईंच्या बाबतीत का करू नये?

यात पगाराचा विषय आला की लिहिणारे संकोचतात, आणि तिथेच खरी गोष्ट निसटते. पुण्यात शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते 1870 मध्ये. 1882 साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका तयार करण्याची गरज मांडली. पुढे 1896 पासून कर्व्यांच्या संस्थेने आणि 1909 पासून पुण्याच्या सेवासदनाने कितीतरी विधवांना आणि टाकलेल्या बायकांना शिकवून उभे केले, आणि त्यांतल्या अनेकींपुढे सन्मानाने मिळवण्याची जी मोजकी वाट होती ती शाळामास्तरणीची. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होणे ही त्या काळी गावातल्या मुलीच्या पायाखालची पहिली घट्ट जमीन होती. तेव्हा पगार ही गौण बाब नव्हती. त्या पैशातून भावांची शिक्षणे झाली, घराची कौले बदलली, नणंदांची लग्ने झाली. हे लिहिताना ‘त्याग’ हा एकच शब्द वापरला की हिशेब मिटतो, आणि कमावणाऱ्या बाईला स्वतःच्या पगारातले स्वतःसाठी किती खर्चता आले हा प्रश्न विचारायचाच राहतो. तो प्रश्न कृतघ्नपणाचा नाही. घराने तिचे ऋण मानायचे तर ते ऋण केवढे होते हे आधी ठाऊक हवे.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो विश्वासार्हतेचा. घरचे लोक वर्गात नव्हते; ते ऐकीव सांगणार, वर त्यात प्रेमाची भर घालणार. आक्षेप रास्त आहे, पण तो प्रत्येक साक्षीला लागू पडतो. तपासणीला वर्षातून एखाददा आलेल्या साहेबांचा शेरासुद्धा त्या एका दिवसाचा असतो. ऐकीव गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी ताडून पाहायची असते, टाकून द्यायची नसते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये उभे केले ते आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध घेत, त्यांची घरे गाठून, त्यांना बोलते करून. नागपूरला चोखामेळा कन्याशाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी त्यात भेटतात. हमाली करता करता त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि जातीमुळे ती नोकरी गेली तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा काढली. कचेरीच्या दप्तरावर थांबून राहिलो असतो तर यातले किती हाती लागले असते? त्यामुळे सेवापुस्तकातली तारीख आणि मुलीच्या आठवणीतला पावसाळा शेजारी ठेवून पाहावेत. जुळले तर उत्तम. नाही जुळले तरी कुठे शोधायचे ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कामाबद्दल खरे लिहायचे तर छडीबद्दल लिहावे लागेल, कोणाला मागच्या बाकावर बसवले आणि कोणाच्या हातचे पाणी प्यायल्या नाहीत तेही लिहावे लागेल. गेलेल्या माणसाबद्दल असे बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे, आणि त्या संकेतामागची कणव मला समजते. तरीही तो इथे पाळू नये असे मला वाटते. मुलांना मारण्यास कायद्याने बंदी झाली ती 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने. त्याआधीच्या काळात छडी हे फळ्याइतकेच शाळेचे साधन मानले जाई. ज्या बाईने ती कधी उचलली नाही तिचे वेगळेपण, छडी नेहमीची होती हे मान्य केल्याशिवाय दिसणार नाही. आणि जिने उचलली तिचे पुढे मन बदलले का, कशाने बदलले, हे घराइतके जवळून कोणी पाहिले असेल?

एवढ्या शिक्षिका होऊन गेल्या, प्रत्येकीचे काय लिहायचे, असेही म्हटले जाते. देशातल्या शिक्षकांची संख्या 2024-25 मध्ये प्रथमच एक कोटीच्या वर गेली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. सावित्रीबाईंपासून इथवर जे घडले ते थोर व्यक्तींच्या चरित्रांतून उलगडत नाही. ते उलगडायला साध्या नोकऱ्यांच्या पुष्कळ हकीकती लागतात. खडू-फळा योजनेचेच पाहा. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती आली आणि एकशिक्षकी शाळेत दुसरी व्यक्ती नेमायची, ती शक्यतो स्त्री असावी, असे ठरले. कागदावर ती एक ओळ आहे. पण वस्तीवरच्या शाळेत अशी बाई पहिल्यांदा हजर झाली तेव्हा राहायला खोली कोणी दिली, एसटी कुठपर्यंत जात होती, संडासाची सोय काय होती, मुलींचा पट किती दिवसांनी वाढला, हे त्या ओळीत नाही. तेव्हा विशी-बाविशीत लागलेल्या त्या शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन आता घरी आहेत. त्यांच्याबद्दल आठवणी गोळा करण्याची वेळ अजून आलेली नाही. हे प्रश्न त्यांना स्वतःलाच विचारता येतात, आणि काहींच्या कपाटात टाचणवह्याही असतील.