शेणाचें घर, मेणाचें घर

नांदेड-लातूरकडे मूल जेवेनासें झालें कीं चिऊ-काऊची गोष्ट निघते. घांस भरविण्यापुरती मानलेली ही गोष्ट तेराव्या शतकांतल्या लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींच्या मुखीं आढळते. तेथें चिमणीच्या जागीं साळै आहे. महानुभावांचें माहूर तर नांदेड जिल्ह्यांतच आहे.

बालकथेंत निराश्रिताला आसरा मिळावा, ही अपेक्षा. येथें मात्र शेणाचें घर वाहून गेलेला कावळा दारीं भिजत असतो, आणि चिमणी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते. दार उघडीत नाहीं. (मराठवाड्याच्या वैशाखांत तिचें मेणाचें घर किती टिकलें असतें, हें कथा सोयीनें विसरते.) वाचणारानें हा विलंब दयेपोटीं आंखडूं नये. दार उघडण्यापूर्वींच मुलानें पुष्कळदां कावळ्याची बाजू घेतलेली असते.